दाराला लावलेली काठी

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बचाव खात्याचे तपासनीस सालुवेर यांनी झाल्या प्रकाराचं निवेदन मागितलं आहे. पाठवण्याआधी इथे उतरवून ठेवते.

१. मंगळवारी माझ्या पाहुणेघरात दोघेजण होते. दुआर्ते आणि ग्रासा, पोर्तुगालहून आलेलं साठीतलं जोडपं. गोठलेल्या समुद्रावरून गाडी चालवायची म्हणून ते लीवाराहू बेटावर आले होते.

२. सकाळी त्यांनी माझ्या लेखी सूचनांप्रमाणे घर तापवायची विटांची भट्टी पेटवली. मी सामान आणायला पलीकडच्या किनाऱ्यावर गेले होते.

३. जेवणानंतर दोघे वरच्या खोलीत झोपले. कोणी झोपमोड करू नये म्हणून दुआर्ते यांनी पुढच्या दाराला बाहेरून काठी लावली आणि ते मागच्या दाराने आत आले. आमच्या बेटावर दाराला काठी टेकवलेली असली की घरात कोणी नाही, असा अर्थ होतो. कुलपं कोणी लावत नाही. ही पद्धत शेजारी एंडेल यांनी त्यांना आदल्या दिवशी सांगितली होती.

४. त्यानंतर कधीतरी धुराड्यातली लोखंडी झडप पूर्ण बंद झाली. भट्टीत अजून निखारे होते, त्यांचा विषारी वायू घरात कोंडला.

५. भिंतीवरच्या विषारी वायूच्या अलार्मने माझ्या फोनवर इशारा दिला. पाहुण्यांनी फोन उचलला नाही. शेजारच्याच घरात माझी मावशी हेल्वे राहते, तिनेही उचलला नाही. मी एंडेल यांना फोन केला.

६. एंडेल गेले, दाराला काठी पाहिली आणि घरात कोणी नाही असं त्यांनी कळवलं. मी ते मान्य केलं.

७. माझ्या फोनवर वायूचा आकडा चढत राहिला. मी पुन्हा फोन करून त्यांना आत जायला सांगितलं. काठी असताना आत जाणार नाही, असं ते म्हणाले. बोलता बोलता पाहुण्यांची गाडी अंगणातच असल्याचं निघालं. ग्रासा यांचा गुडघा दुखतो, त्या चालत लांब जात नाहीत. मी एंडेल यांना दार उघडायला लावलं.

८. दुआर्ते जिन्यात सापडले, ग्रासा पलंगावर. एंडेल यांनी झडप ओढून उघडली, खिडक्या उघडल्या, दोघांना अंगणात आणलं. हेलिकॉप्टरने त्यांना टॅलिनच्या इस्पितळात नेलं.

९. दुआर्ते शुद्धीवर आहेत. ग्रासा अजून बेशुद्ध आहेत.

सहा आणि सात यांच्यामध्ये पाऊण तास गेला. तो निवेदनात घालायचा की नाही याचा विचार केला. घातला.

८ फेब्रुवारी

झोप नीट लागत नाही, म्हणून पाहुण्यांच्या सूचना पुन्हा लिहायला घेतल्या. जुन्या सूचना एका पानावर मावत होत्या. बर्फावर गाडी नेताना सीटचा पट्टा सोडावा, म्हणजे बर्फ फुटल्यास बाहेर पडता येईल, खिडकी थोडी उघडी ठेवावी, वाटेत थांबू नये. ताशी पंचवीस ते चाळीसच्या मधला वेग टाळावा, कारण त्या वेगाने बर्फाखालच्या पाण्यात लाट तयार होते. दुकान मंगळवारी आणि शुक्रवारी उघडतं. बुटांना लावायचे खिळे दाराशेजारच्या टोपलीत आहेत. भट्टी पेटवल्यावर झडपेला तीन तास हात लावू नये.

हे शेवटचं वाक्य त्यांच्याकडच्या पानावर होतं. ठळक अक्षरात.

आता त्याखाली भर घातली: काठी खोटी लावू नये. मग ते खोडलं. ज्याला काठी म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला खोटी काठी म्हणजे काय हे कसं कळणार? काठीचा अर्थ पहिल्यांदा लिहिला. तीन ओळी झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी ही गोष्ट शब्दांत मांडत होते आणि ती वेडगळ वाटत होती.

हेल्वेमावशीकडे जाऊन आले. ती बटाटे सोलत होती. मी विचारलं, "मंगळवारी तू तिकडे गेली होतीस का?"

"फाटकातूनच काठी दिसली की मला," ती म्हणाली.

"फोन का नाही उचललास?"

"आडवी झाले होते जरा. आता काय रोज आडवं व्हायलाही तुला विचारायचं?"

तिचं उत्तर निवेदनाला जोडलं. एंडेल आणि मावशी, दोघांनीही काठीवर विश्वास ठेवला. म्हणजे माझ्यासकट तिघं.

११ फेब्रुवारी

सालुवेर बर्फावरून आले. वय पन्नाशीचं, बोलणं कमी. बूट दारातच काढले, हे मला आवडलं. एंडेलकाका आधीच येऊन बसले होते.

"या इंजिनेरबाईने भिंतीवर डबा लावला म्हणून दोन माणसं वाचली," काकांनी त्यांना सांगितलं. "मी तर त्याला हसायचो. म्हटलं, पोरगी टॅलिनमध्ये लोकांच्या हापिसात हवा सोडायची, आता आमच्या घरात हवा मोजते."

"तुम्ही आत जायला उशीर केलात," सालुवेर म्हणाले.

"काठी होती हो दाराला. तुमच्या गावात पोलिसाची पट्टी लावलेली असली तर तुम्ही ओलांडता का?"

"मी ओलांडतो."

"तुम्ही सरकार आहात. मी एंडेल."

सालुवेर यांनी भट्टी पाहिली, धुराडं आरसा घालून तपासलं. ते स्वच्छ होतं, शरदात साफ करून घेतलं आहे. मग झडप आत ढकलून पाहिली. ती दोन तृतीयांश जाऊन अडली. त्यांनी जोर लावला, पुन्हा अडली. मी त्यांच्या बाजूने हात घालून ती लावून दाखवली. "चालते म्हणजे," ते म्हणाले आणि झडप सुस्थितीत असल्याची नोंद केली. ओढून काढताना त्यांना काही त्रास झाला नाही.

झडपेची पाती पूर्ण बंद होते, वायू बाहेर जायला तिला भोक नाही, याबद्दल त्यांनी समज दिली. नियम नव्या घरांना आहे, जुन्यांना शिफारस आहे. मला हे माहीत होतं. आजोबांनी बसवलेली पाती तशीच ठेवली होती, कारण ती चांगली चालत होती आणि अलार्म होताच.

जाताना त्यांनी विचारलं, "मग ती बंद कोणी केली?"

"घरात दोनच माणसं होती," मी म्हणाले.

१२ फेब्रुवारी

दिवसभर अस्वस्थ. काही विशेष नाही. सरपणाची चळत पाडून पुन्हा रचली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

टॅलिन. ग्रासा बुधवारी शुद्धीवर आल्या. डॉक्टर जादा दाबाच्या प्राणवायूच्या खोलीत त्यांना रोज ठेवतात. त्या सगळ्यांना ओळखतात, हात थरथरतो, चालताना आधार लागतो, त्या मंगळवारचं काही आठवत नाही. मला आत सोडलं नाही. बाहेरच्या बाकावर दुआर्ते बसले होते. पाव शतक शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. यंत्रातल्या कॉफीचा कागदी पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

"या, केर्तू," ते म्हणाले. "ही कॉफी पिऊ नका. यापेक्षा तुमचा वायू बरा होता."

मी हसले नाही. त्यांनी माझी माफी मागितली, काठीबद्दल. म्हणाले, "हॉटेलात दाराला पाटी अडकवतात ना, त्रास देऊ नका अशी? मला वाटलं तुमच्याकडे काठी असते. ग्रासाला फार आवडलं होतं ते. म्हणाली, बघ, इथे कुलपाची गरज नाही."

मी म्हणाले की तो मुद्दा नोंदवला आहे, मला झडपेबद्दल विचारायचं आहे.

"मी हात लावला नाही. तुमच्या पानावर लिहिलंच होतं."

"नक्की?"

"असं मला वाटतं."

"वाटतं की आठवतं?"

"त्यात फरक आहे का?"

"आहे."

"मग वाटतं." त्यांनी पेला बाकावर ठेवला. "जेवण आठवतं. काठी आठवते. मग जिना. त्याच्या मधलं काही नाही. बाहेरचं कोणी आलं असेल का घरात?"

"नाही. दाराला काठी होती."

त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात त्यांची मुलगी लिओनोर आली. लिस्बनला असते, माझ्याच वयाची असेल. तिने उभ्या उभ्याच विचारलं, "झडप कोणी लावली?"

मी वस्तुस्थिती सांगितली. घरात दोन माणसं होती, एक पलंगावर सापडलं, दुसरं जिन्यात. तिने वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, घरी पण तू प्रत्येक गोष्टीला हात लावतोस. आईने किती वेळा सांगितलंय."

"हो," ते म्हणाले.

बंदराच्या वाटेवर गाडीत मला वाटलं, संभाषण उपयोगी झालं. त्यांना खात्री नाही, एवढं स्पष्ट झालं. पण बर्फावर चढताना पट्टा सोडायला विसरले. रस्त्याच्या सुरुवातीला उभ्या असलेल्या माणसाने काच ठोठावून आठवण केली. मी इथली आहे. असं कधी झालेलं नाही.

१७ फेब्रुवारी

लिथुएनियाच्या कुटुंबाचं मार्चचं आरक्षण रद्द केलं. कारण लिहिलं: तांत्रिक दुरुस्ती. खोटं नाही.

सूचना आता चार पानं. मावशीला वाचून दाखवल्या. "एवढं वाचण्यापेक्षा माणूस घरीच बसेल," ती म्हणाली. मग म्हणाली, "भट्टीचं सगळं काढूनच टाक. त्यांना लावू देऊ नकोस. आपल्यापैकी कोणालाही लावू देऊ नकोस."

"आपण का नाही? आपल्याला येते."

तिने पानं माझ्याकडे सरकवली. बारीक होत चालली आहे ती. थंडीतलं नेहमीचं असेल.

२४ फेब्रुवारी

आमच्या देशाच्या प्रजासत्ताकाचा दिवस. सकाळी एंडेलकाकांबरोबर शाळेच्या खांबावर झेंडा चढवला, मग काळा पाव आणि खारवलेले मासे घेऊन मावशीकडे गेले. ती घरात कोट घालून बसली होती. माझ्या श्वासाची वाफ दिसत होती. भट्टी गरम होती, खोली नाही.

वर पाहिलं तर धुराड्यात झडपेच्या जागी नुसती फट.

"झडप कुठे गेली?"

"गोठ्यात आहे. काढून टाकली."

"अगं, सगळी ऊब वर निघून जाते."

"जाऊ दे की."

मी तिला हिशेबाने समजावलं की अशाने दुप्पट लाकूड लागेल. तिने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "तो वायू दिसतो का गं?"

"नाही."

"वास?"

"नाही."

"मग माणसाला कळायचं कसं?"

"यंत्राने."

"आणि आपण घरात गेलो, उभं राहिलो, तरी नाही कळणार?"

"थोड्या वेळात नाही."

तिने पाव कापला, माझ्यापुढे ठेवला, स्वतः खाल्ला नाही. पोर्तुगालच्या बाईंचा हात अजून थरथरतो का, असं विचारलं. सुरक्षेच्या बाबतीत ती सावध झाली, हे एका अर्थी चांगलं झालं. तिच्यासाठी एक अलार्म मागवला आहे.

२७ फेब्रुवारी

सालुवेर यांचा फोन. दुआर्ते यांनी लेखी जबाब दिला: झडप मीच बंद केली असणार, दुसरं कोणी नव्हतं. प्रकरण पुढच्या आठवड्यात मिटेल. माझ्यावर ठपका नाही, नव्या पातीची शिफारस. "तुमचं निवेदन फार नेटकं होतं," ते म्हणाले. "असं सगळ्यांनी लिहिलं तर आमचं काम अर्ध्यावर येईल."

मला बरं वाटायला हवं होतं. पाहुणेघराच्या सगळ्या खिडक्या आतून पुसून काढल्या.

संध्याकाळी लिओनोरचा निरोप आला: आईला सगळं सांगितलं आहे. आईने बाबांना खोलीत यायला मनाई केली आहे. ११ मार्चला, मंगळवारी, मी आईला घेऊन लिस्बनला जाईन, बाबा त्याच दिवशी वेगळ्या विमानाने पोर्तोला जातील. त्यांच्या उरलेल्या वस्तू पोस्टाने पाठवाव्यात, पण दोन खोक्यांत.

अडतीस वर्षांचा संसार आहे त्यांचा. ग्रासा यांनी आल्या दिवशीच सांगितलं होतं, मी न विचारता.

वस्तू दोन ढिगांत लावायला घेतल्या. लोकरीची मोठी शाल कोणाची, ते ठरवता येईना. ती तशीच खुर्चीवर आहे.

१ मार्च, शनिवार

आज झडपेला भोक पाडायचं काम काढलं. पाती पूर्ण काढली, चौकट कानसली, भोक पाडलं, परत बसवली. आत ढकलली. बसली.

मग सालुवेर यांची आठवण झाली. त्यांच्या हातून अडली होती. पाती पुन्हा ओढली आणि यावेळी स्वतःच्या हातांकडे बघत ढकलली. मी उजव्या हाताने ढकलते आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी खालून कड किंचित उचलते. विटेचा एक कोपरा खाली बसला आहे, त्यावरून पाती उचलून न्यावी लागते. आजोबा तसं करायचे. मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही, हात तसे जातात एवढंच.

न उचलता ढकलली. दोन तृतीयांशांवर अडली. जोर लावला. पक्कड लावून पाहिली. जात नाही.

एंडेलकाकांना बोलावलं, काही न सांगता लावायला सांगितलं. त्यांनी दोनदा ढकलली, एक शिवी दिली, म्हणाले, "हे तुमच्या घरचं गाढव आहे, तुमचंच ऐकणार."

दुआर्ते यांनी झडपेला हात लावला असता, तरी ती पूर्ण बंद झाली नसती. अर्धवट उघड्या झडपेने त्या दिवशीचा आकडा येत नाही. हिशेब तीनदा केला.

ती उचलून लावता येणारी माणसं तीन. आजोबा वारले. मी पलीकडे होते.

२ मार्च

दुकान आता शनिवारीही उघडं राहणार आहे. सूचनांमध्ये बदल केला. बुटांचे खिळे कुठल्या मापापर्यंत चालतात तेही लिहिलं. प्लगच्या आकाराबद्दल एक ओळ. औषधं आपापली आणावीत, कारण बेटावर दवाखाना नाही. पाण्याची टाकी गोठल्यास काय करावं.

मावशीकडे गेले नाही.

४ मार्च

आज उपवासांआधीचा लोणी-साखरेचा सण. पोरं टेकडीवरून घसरगाड्या सोडत होती. दरवर्षी मावशी साय भरलेले गोड पाव करते. या वर्षी केले नाहीत. मी दुकानातले घेऊन गेले.

ती कोटातच होती. मी टेबलावर पुडी ठेवली आणि विचारलं, "मावशी, त्या दिवशी तू आत गेली होतीस का?"

"सांगितलं ना, काठी दिसली मला."

"ते सांगितलंस. आत गेली होतीस का, हे मी विचारते आहे."

तिने पुडी उघडली, बंद केली. "किती दिवस लावलेस गं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तू दुसऱ्याच दिवशी विचारशील."

"विचारलं होतं."

"विचारलंस, आणि मी काहीतरी बोलले, आणि तू ते लिहून घेतलंस. तू वर बघशील म्हणून वाट बघितली मी. तू कागदाकडे बघत होतीस."

मग तिने सांगितलं. काठी पाहून तिला वाटलं, पाहुणे बर्फावर गेले. घरच्या माणसाला काठी आड येत नाही, म्हणून भट्टी बघायला ती आत गेली. हाक मारली एकदा. कोणी ओ दिली नाही. चष्मा नव्हता. निखाऱ्यांवर राख चढल्यासारखी दिसली. ऊब वाया चालली होती.

"ती बाई आल्यापासून कुडकुडत होती," मावशी म्हणाली. "म्हटलं, समुद्रावरून येतील गारठून, तर घर ऊबदार मिळू दे. झडप लावली, काठी परत टेकवली आणि आले निघून. एवढंच केलं मी. चाळीस वर्षं करते आहे."

मी म्हणाले की निखाऱ्यांवर निळी ज्योत असेल तर झडप लावायची नसते.

"मला शिकवतेस? मीच तुला शिकवलंय ते." मग तिने विचारलं, "काय करतील मला? तुरुंग?"

"नाही. तो अपघात आहे. समज देतील फार तर."

"म्हणजे काहीच नाही."

"काहीच नाही."

"तेच तर," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला काय करावं ते कळलं नाही. मी तिच्या भट्टीत लाकडं घातली. सगळी ऊब वर निघून गेली, पण मी घालत राहिले.

दुआर्ते यांनी ते स्वतःवर घेतलं आहे आणि बायको त्यांना खोलीत येऊ देत नाही, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. रडणं थांबलं. चेहरा असा झाला की मी सांगायला नको होतं, असं क्षणभर वाटलं.

"त्याला का म्हणू दिलंस तू असं?" तिने विचारलं.

मी म्हणू दिलं नाही, ते मी सिद्ध केलं होतं. हे तिला सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

५ मार्च

एंडेलकाका फाटकात उभे होते. मावशीने त्यांना सांगितलं असावं.

"काय करणार आहेस?"

"सालुवेर यांना कळवणार."

"कशाला? मिटलंय की. माणूस म्हणाला मी केलं, तो जाईल आपल्या देशात. तिथे ऊन असतं, संत्री असतात. आठ दिवसांत बायको बोलायला लागेल. हेल्वेला मात्र इथेच दुकानात रांगेत उभं राहायचंय."

"ती बोलणार नाही, काका. वेगळ्या विमानांनी चाललेत ते."

"आणि तुझ्याकडे येईल का कोणी मग? मावशीने पाहुण्यांना धुरी दिली म्हटल्यावर?"

"बहुतेक नाही."

"मग?"

ते गेल्यावर नुसती चीड आली. अंगणात चार फेऱ्या मारल्या. काका चुकीचं बोलत नाहीत, हीच अडचण आहे. ते सगळं खरं आहे आणि तरीही तो माणूस त्या बाकावर बसला आहे.

दुपारी सालुवेर यांना फोन केला. सगळं सांगितलं, निवेदनाच्या चौथ्या मुद्द्यात झडप कोणी लावली ते मी तपासलंच नव्हतं, हेसुद्धा. ते म्हणाले, "मी त्या पातीवर जोर लावला होता. माझ्याही लक्षात यायला हवं होतं." प्रकरण पुन्हा उघडेल.

मावशीकडे गेले तेव्हा ती कपाटातून चांगले बूट काढत होती. शेवटची टॅलिनला गेली त्याला सहा-सात वर्षं झाली असतील.

"कागद तू लिही," ती म्हणाली. "पण बोलणार मी. तुझं बोलणं ऐकून माणसाला वाटतं, पावती फाडते आहेस."

६ मार्च, गुरुवार

सहा मसुदे फाडले. पहिला तीन पानी होता, त्यात झडपेची आकृती होती. हा पाठवला. नक्कल:

दुआर्ते आणि ग्रासा यांना,

हे पत्र दोघांना एकत्र आहे. लिओनोरने ते दोघांसमोर वाचावं, अशी विनंती.

दुआर्ते, झडप तुम्ही बंद केली नाही. ती पूर्ण बंद करायला एक युक्ती लागते, जी फक्त आमच्या घरच्यांना येते. तुम्हाला ती जमली नसती. तुम्हाला वाटत होतं ते बरोबर होतं.

झडप माझ्या मावशीने, हेल्वेने बंद केली. दाराला काठी होती म्हणून घरात कोणी नाही असं तिला वाटलं. तुम्ही परत याल तेव्हा घर ऊबदार असावं, एवढाच तिचा हेतू होता.

घरात बाहेरचं कोणी आलं नव्हतं, असं मी तुम्हाला इस्पितळात सांगितलं. ते मी तपासून सांगितलं नव्हतं. तुमची खात्री नाही, हे मी दोन प्रश्नांत तुमच्याकडून वदवून घेतलं आणि लिओनोरसमोर त्याचा पुरावा केला. ती चूक मावशीची नाही, माझी आहे. तपासनीसांना हे सगळं कळवलं आहे.

ग्रासा, तुम्ही कोणाला क्षमा करावी, असं हे पत्र सांगत नाही. फक्त कोणी काय केलं, ते सांगतं.

मावशीला तुमच्या दोघांसमोर हे स्वतः सांगायचं आहे. तिला आमचीच भाषा येते. मी भाषांतर करीन, माझ्या पदरचं काही घालणार नाही. बसायला जागा नसेल तर ती उभ्यानेही बोलेल.

बर्फ मऊ पडतो आहे. सोमवारी दुपारी रस्ता बंद होईल आणि बोट सुरू व्हायला कदाचित तीन आठवडे लागतील. तोपर्यंत तुम्ही गेलेले असाल. आम्हाला निघायचं तर सोमवारी सकाळीच निघावं लागेल.

आम्ही यावं की येऊ नये, ते कृपया रविवारी, ९ मार्चला, संध्याकाळपर्यंत कळवा.

केर्तू